फ्रान्समध्ये नदीकाठाने सायकली पळतात, मग वैनगंगेकाठी नेमकं काय अडतं?

जुलै महिना आला की टूर द फ्रान्सचे व्हिडिओ फोनवर यायला लागतात. हेलिकॉप्टरमधून घेतलेला शॉट, खाली वळण घेत जाणारी नदी, सूर्यफुलांची शेतं, एखादा जुना किल्ला आणि मधून सरकणारी सायकलींची रंगीत रांग. ते बघून "आपल्याकडे असं काही का नाही?" हा प्रश्न पडतोच.

भंडारा जिल्ह्यात मात्र हा प्रश्न थोडा बदलून विचारायला हवा. कारण शॉटपुरतं बघायचं तर इथे सगळं आहे. जिल्ह्याच्या मधोमध वाहणारी वैनगंगा आहे, रोवणी झाली की हिरव्यागार होणाऱ्या धानाच्या बांध्या आहेत, पवनीसारखं दोन हजार वर्षांहून जुनं गाव आहे, अंबागडचा किल्ला आहे. चढ फार नाहीत, त्यामुळे नवख्या माणसालाही झेपेल असा प्रदेश आहे. नाही ती एकच गोष्ट. ती कोणती, हे समजायला आधी फ्रान्सला जावं लागेल.

तिथे ल्वार नावाची नदी आहे. तिच्या काठाने ‘ला ल्वार आ व्हेलो’ म्हणजे ‘सायकलवरून ल्वार’ हा साधारण 900 किलोमीटरचा मार्ग जातो. देशाच्या मध्यावर नेव्हेर शहराजवळ सुरू होतो आणि अटलांटिक समुद्राला जाऊन संपतो. आता 900 किलोमीटर म्हटलं की वाटतं, सरकारने केवढा मोठा नवा ट्रॅक बांधला असेल. तसं झालेलं नाही. मार्गाचा बराचसा भाग म्हणजे आधीपासून असलेले गावरस्ते आहेत, जिथे दिवसभरात मोजक्याच गाड्या जातात. काही भाग पुरासाठी बांधलेल्या मातीच्या बांधांवरून जातो. फ्रान्सच्या इतर अशा मार्गांवर तर कालव्याकाठच्या वाटा वापरल्यात. पूर्वी माणसं आणि घोडी काठावरून चालत दोराने बोटी ओढायची, त्याच या वाटा.

म्हणजे त्यांनी मुख्यतः दोन कामं केली. एक, जड वाहनांपासून वेगळा रस्ता शोधून त्याला पाट्या लावल्या. दोन, मुक्कामाची सोय लावली. मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत असलेल्या आणि सायकल ठेवायला सुरक्षित जागा, दुरुस्तीचं सामान देणाऱ्या हॉटेलांना, घरगुती खोल्यांना ‘आक्योय व्हेलो’ नावाचा खास शिक्का मिळतो. दमलेल्या सायकलस्वाराला तो शिक्का दिसला की विषय संपला.

आता परत भंडाऱ्याला येऊ.

वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि बालाघाटमार्गे महाराष्ट्रात येते. तुमसर, मोहाडी, भंडारा, पवनी असं करत ती खाली चंद्रपूर-गडचिरोलीकडे जाते. सायकल घेऊन निघायचं तर भंडारा शहरातून दोन सरळ पर्याय आहेत. उत्तरेला वरठी, मोहाडी करत तुमसर. वाटेत मोहाडीला चौंडेश्वरीचं मंदिर लागतं, थोडी वाट वाकडी केली तर कोशाच्या कापडासाठी ओळखलं जाणारं आंधळगाव. किंवा दक्षिणेला अड्याळवरून पवनी, साधारण 50 किलोमीटर. पवनीत जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये उत्खनन झालं आणि तिथे मोठ्या बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले. गावाभोवतीची जुनी तटबंदी आणि दरवाजा आजही बघता येतो. पवनीच्या अलीकडे गोसीखुर्द धरण आहे, 33 दरवाजांचं.

या भागातला सगळ्यात मोठा बदल अंभोऱ्याला झालाय. कन्हान आणि वैनगंगेसह पाच नद्यांचा संगम म्हणून ही जागा ओळखली जाते. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ इथेच लिहिला, असं विदर्भात मानलं जातं (आंबेजोगाईकर हे मान्य करत नाहीत, तो वाद वेगळा). एका काठावर नागपूर जिल्ह्याचा कुही तालुका, दुसऱ्या काठावर भंडारा, आणि मधे पाणी. लोक नावेने ये-जा करायचे. 2024 च्या जानेवारीत इथल्या केबल-स्टेड पुलाचं उद्घाटन झालं. साधारण 700 मीटर लांब, वर पाणी बघायला गॅलरी. नागपूरहून सायकलने येणाऱ्यासाठी याचा अर्थ साधा आहे. भंडारा जिल्ह्यात शिरायला आता राष्ट्रीय महामार्ग 53 हाच एक मार्ग उरलेला नाही, कुही-वेलतूरकडून येता येतं.

पुलावरून दिसणारं ते अथांग पाणी फोटोत भारी येतं. ते गोसीखुर्दचं बॅकवॉटर आहे. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते या धरणाचं भूमिपूजन झालं, आणि त्या पाण्याखाली नागपूर-भंडारा जिल्ह्यांतली गावं आणि शेतं गेली. पुनर्वसनाची आंदोलनं अनेक वर्षं चालली. शिवाय नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून इथेच येतं. फ्रान्सच्या नदीकाठी किल्ल्यांच्या पाट्या असतात. इथे मार्ग झाला तर बुडालेल्या गावांच्या नावांची पाटी पहिली लागायला हवी.

मग अडतं काय?

रेती. वैनगंगेची रेती नागपूरपर्यंतच्या बांधकामांवर जाते आणि ती वाहून नेणारे टिप्पर याच नदीकाठच्या रस्त्यांवरून धावतात. जी वाट सायकलसाठी सगळ्यात सुंदर, तीच घाटावरून रेती काढायला सगळ्यात सोयीची. तुमसर भागात मँगनीजच्या खाणी आहेत, तिथल्या ट्रकची त्यात भर. भरलेला टिप्पर गावरस्त्याची कड आधी फोडतो. आणि सायकल नेमकी कडेनेच चालते. ड्रायव्हरला फेऱ्या पूर्ण करायच्या असतात, त्याच्यासाठी सायकलवाला म्हणजे हॉर्न वाजवून बाजूला करायची वस्तू.

हा प्रश्न हेल्मेट-जर्सी घालून रविवारी निघणाऱ्यांचाच असता तर एकवेळ सोडून देता आला असता. पण भंडाऱ्याच्या रस्त्यांवर सायकलने जाणारे जास्त लोक वेगळेच आहेत. धानाच्या कामाला निघालेले मजूर आहेत, दूधवाले आहेत आणि शाळेच्या मुली आहेत. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या निवडक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकल दिली जाते. शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल तर बसऐवजी सायकल, असा त्यामागचा हिशोब. सरकारने सायकल दिली, रस्ता मात्र टिप्परसोबत वाटून घ्यायला सांगितला. पर्यटनाचा सायकल मार्ग म्हटलं की ‘हे श्रीमंतांचे चोचले’ अशी प्रतिक्रिया येते. इथे ती लागू होत नाही. तोच शांत रस्ता सकाळी शाळेला आणि सुट्टीत पर्यटकाला कामाला येईल.

तो रस्ता कुठून आणायचा? एक उत्तर गोसीखुर्दमध्येच आहे. धरणाचा डावा कालवा सुमारे 23 किलोमीटरचा, उजवा सुमारे 99 किलोमीटरचा. अशा कालव्यांच्या काठाने देखभालीसाठी सेवा रस्ता ठेवलेला असतो, फ्रान्समधल्या बोटी ओढायच्या वाटांसारखाच. आज तो कुठे मुरमाचा, कुठे झुडपांनी भरलेला, आणि पावसाळ्यात चिखल. परवानगी पाटबंधारे खात्याची लागेल. पण भूसंपादन नको, आणि प्रवेशाशी लोखंडी खांब रोवले की टिप्पर आत येऊ शकत नाही. नवा चकाचक ट्रॅक बांधण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडेल.

लांब पल्ल्याचे सायकलस्वार विदर्भात नाहीत असंही नाही. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली. नागपूरहून बीआरएम राइड्सही निघतात, म्हणजे 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 किलोमीटर 20 तासांत, आणि वाटेत मदतीला कुणाची गाडी नाही. हे नियम पॅरिसच्या एका क्लबचे. म्हणजे फ्रान्सचे नियम इथे पोचलेत, रस्ता राहिलाय.

तोवर जायचंच असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. तेव्हा तलावांवर बाहेरचे पक्षी आलेले असतात. मे महिन्यातल्या नवतपात सायकल घरातच बरी. हंगामात लोक डांबरावर धान वाळत घालतात, त्यावरून चाक सरकतं, तेव्हा वेग कमी करा आणि धानही तुडवू नका. अगदी बारीक टायरपेक्षा 32 मिलिमीटरच्या पुढचं टायर बरं, पंक्चरचं सामान सोबत हवंच. कोका आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यांलगतच्या रस्त्यांवर अंधारात जाऊ नका. प्रसिद्ध ‘जय’ वाघ नागझिऱ्यातून निघून महामार्ग आणि वैनगंगा ओलांडत याच खोऱ्यातून कऱ्हांडल्याला गेला होता.

भंडाऱ्याहून पहाटे उजाडताना निघालं की अड्याळला तर्रीपोहे आणि नऊच्या सुमारास पवनी, असं आरामात जमतं. रविवार सोडून गेलात तर साधारण दहानंतर, परतीच्या वाटेवर, शाळेच्या सायकली समोरून तीन-तीनच्या रांगेत येताना दिसतील. मागून टिप्पर येत असेल तर थांबा आणि त्यांना आधी जाऊ द्या.