साडेपाच हजार सह्यांचा अर्ज

नागरिकांच्या एखाद्या समूहाने आपले गाऱ्हाणे लेखी मांडावे, त्याखाली सह्या कराव्यात आणि अमुक एक उपाय करावा म्हणून ते सरकारकडे धाडावे, या व्यवहाराला विनंती अर्ज किंवा निवेदन म्हणतात. न्यायालयात दाखल होणारी याचिका याहून वेगळी असते, कारण तिथे हक्काचा भंग झाल्याचे सिद्ध करावे लागते. अर्जात मात्र गरज पटवून द्यायची असते आणि ती मानायची की नाही हे सरकारच्या मर्जीवर राहते. मताचा अधिकार नव्हता त्या काळात राज्यकर्त्यांशी बोलण्याचा हा जवळजवळ एकमेव सनदशीर, म्हणजे कायद्याच्या चौकटीतला, मार्ग होता आणि एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात वकील-पंडितांपासून गिरणीकामगारांपर्यंत अनेकांनी तो चोखाळला. पुढच्या पिढीतील जहाल राजकारणाने या मार्गाची 'अर्जविनंत्या' म्हणून हेटाळणी केली आणि तीच छाप आजवर टिकून आहे. ती पुसली जाणे आवश्यक आहे, कारण कष्टकऱ्यांच्या जीवनाला लागलेल्या काही मोठ्या वळणांची सुरुवात अशाच अर्जांत सापडते.

अर्ज आला की सरकारचा पहिला प्रश्न ठरलेला असे: तुम्ही कोणाच्या वतीने बोलता? २६ ऑगस्ट १८५२ रोजी मुंबईत बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी, दादाभाई नौरोजी यांच्यासारखी माणसे तिच्यात होती आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण व्हायच्या आत तिने ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज पाठवला. पण मूठभर शिकलेल्या आणि श्रीमंत शहरवासीयांचे म्हणणे हे प्रजेचे म्हणणे कसे मानायचे, हा आक्षेप अशा संस्थांना चिकटलेलाच राहिला. पुण्यात पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयी तक्रारी पुढे आल्या तेव्हाही हाच मुद्दा उपस्थित झाला आणि त्यातून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे पुढे लोकांच्या तोंडी 'सार्वजनिक काका' झालेले गृहस्थ, यांनी यावर काढलेला तोडगा राजकीय कल्पकतेचा उत्तम नमुना आहे. सभेचे सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारनामे आणावेत असा नियम त्यांनी केला. मुखत्यारनामा म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद. जमिनीच्या आणि कोर्टकचेरीच्या कामात रोज वापरला जाणारा हा दस्तऐवज सभेने राजकारणात आणला आणि सुमारे ६,००० लोकांनी ९५ जणांना आपले प्रतिनिधी नेमले. निवडणूक नावाची गोष्ट देशात रुजण्याआधी घडलेली ही निवडणूकच होती. याच बळावर सभेने १८७६-७७ च्या दुष्काळात गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे ठेवली आणि दुष्काळी कामांवरील मजुरांना मिळणाऱ्या तुटपुंज्या मजुरीविरुद्ध आवाज उठवला.

सभेचा हा आधार मुख्यतः शिकलेल्या आणि मालमत्ता असलेल्या वर्गाचा होता. ज्यांच्याकडे मुखत्यारनामा करण्याइतकीही मालमत्ता नव्हती, त्यांचा अर्ज लिहिला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८४८ मध्ये ठाण्यात जन्मलेले लोखंडे काही काळ मुंबईतील एका कापड गिरणीत स्टोअरकीपर होते, जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते आणि कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये सुरू केलेले 'दीनबंधु' हे पत्र १८८० पासून मुंबईतून चालवत होते. कामगारांचे हाल त्यांना बाहेरून पाहावे लागले नाहीत. गिरणीचा भोंगा पहाटे होई आणि काम दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत चाले, त्यामुळे उन्हाळ्यात पाळी तेरा-चौदा तासांची होई. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. सणासुदीला गिरणी बंद राही तेवढीच उसंत मिळे. महिन्याचा पगार हातात पडायला पुढचा महिना अर्धाअधिक सरे, आणि तोवरचा किराणा वाण्याकडून उधारीवर येई. १८८१ चा पहिला कारखाना कायदा झाला होता, पण त्याचे संरक्षण मुख्यतः मुलांपुरते होते: सात वर्षांखालील मुलाला कामावर घेऊ नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून नऊ तासांहून जास्त काम घेऊ नये, असे त्यात होते. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या कामाच्या तासांविषयी कायदा गप्प होता.

१८८४ मध्ये या कायद्याचा फेरविचार करण्यासाठी मुंबई सरकारने आयोग नेमला तेव्हा लोखंडे यांनी संधी अचूक हेरली. त्या सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत गिरणीकामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज आयोगापुढे गेला. त्यात पाच मागण्या होत्या. दर रविवारी पूर्ण दिवस सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा व तो कायमचा अधू झाला तर त्याच्या निर्वाहाची तजवीज करावी.

या पाच ओळी बारकाईने वाचण्यासारख्या आहेत. त्यांत पगारवाढ नाही, मालकांच्या नफ्याविषयी एक शब्द नाही आणि अन्यायाचे सर्वसाधारण वर्णनही नाही. प्रत्येक मागणीत वार, तास, तारीख किंवा अट आहे, म्हणजे कायद्याचा मसुदा करणाऱ्याला ती जशीच्या तशी कलमात बसवता यावी. कामगाराचे जगणे मात्र त्यात पुरेपूर उतरले आहे: पंधरा तारखेची मागणी ही वाण्याच्या उधारीविरुद्धची मागणी आहे, आणि जखमी कामगाराच्या पगाराची मागणी सालभर चालणाऱ्या पट्ट्यांत आणि चाकांत हात गमावून गावी परतलेल्यांच्या वतीने केलेली आहे. तत्कालीन परिस्थितीत या अर्जाला आणखी एक मोल होते. भारतीय गिरण्यांवर निर्बंध यावेत असे लँकेशायरच्या कापडवाल्यांनाही वाटत होते, आणि त्यामुळे कारखाना कायदा म्हणजे मँचेस्टरचा डाव असे मानून अनेक राष्ट्रवादी पत्रे त्याला विरोध करत होती. स्वदेशी उद्योग आणि परदेशी स्पर्धक यांच्या या वादात ज्याच्या अंगावर काम पडत होते त्याला कोणी विचारलेच नव्हते; साडेपाच हजार सह्यांनी तो तिसरा पक्ष कागदावर आणला.

सरकारने लगेच काही केले नाही. लोखंडे यांनी पिच्छा सोडला नाही हे त्यांचे खरे मोठेपण. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे १०,००० कामगारांची सभा भरली आणि तिथे दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली, ही त्या काळाचा विचार करता असाधारण गोष्ट होती. साप्ताहिक सुट्टीचा अर्ज गिरणीमालकांच्या संघाकडे गेला आणि १० जून १८९० रोजी मालकांनी ती मान्य केली. त्याच वर्षी नेमलेल्या कारखाना आयोगाच्या कामात लोखंडे यांचे साहाय्य घेण्यात आले, आणि १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली, तर स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे सात तासांवर आणले. लोखंडे यांनी उभारलेली गिरणीकामगारांची मिल हँड्स असोसिएशन ही आजच्या अर्थाने कामगार संघटना नव्हती. तिला वर्गणी, निधी, सभासदांची यादी यांपैकी काही नव्हते, आणि सरकारी अहवालानेही तिची ही उणीव नोंदवली. तरीही जे काम पुढच्या काळातील नोंदणीकृत संघटनांनाही जड गेले असते ते एका संपादकाने आणि सह्यांच्या कागदाने केले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी मुंबईतील प्लेगच्या साथीत लोखंडे यांचे निधन झाले.

उरलेल्या मागण्यांचा प्रवास मात्र फार लांबला. प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांवर पहिली मर्यादा, तीही बारा तासांची, कापड गिरण्यांसाठी १९११ च्या कायद्याने घातली. अपघातात जखमी होणाऱ्यांना नुकसानभरपाईचा कायदा १९२३ मध्ये झाला. पगार ठरावीक तारखेच्या आत देण्याची सक्ती १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने आली आणि त्याने महिना संपल्यापासून सात किंवा दहा दिवसांची मुदत ठरवली, म्हणजे सुपारीबागेतल्या कामगारांनी मागितली होती त्याहूनही कमी. एका कागदावरील पाच ओळी कायद्यात उतरायला ५२ वर्षे लागली, आणि सह्या करणाऱ्यांपैकी बहुतेकांना शेवटची ओळ फळाला आलेली पाहता आली नसणार.

जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनाची गोष्ट याहून कष्टदायक आहे. किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे असे त्यांनी त्यात मागितले. शेतकऱ्यांच्या करातून जमणारा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो हेही दाखवून दिले. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा देशव्यापी कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला.

सर्वांत अवघड स्थिती होती ती अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील अर्जदारांची, कारण त्यांच्यासाठी सरकार आणि समाज हे दोन्ही दरवाजे बंद होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात महार शिपायांची मोठी संख्या होती आणि लष्करातील पगार, शाळा व निवृत्तिवेतन यांतूनच या समाजात पहिली शिकलेली पिढी तयार झाली होती. १८९० नंतरच्या वर्षांत सरकारने लढाऊ जातींचा सिद्धांत, म्हणजे काही जमातीच जन्मतः सैनिकी पेशाला लायक असतात ही समजूत, उचलून धरला आणि महारांची भरती थांबवली. महाडजवळच्या रावढळचे निवृत्त शिपाई गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज तयार केला. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी ते काम पुढे नेले: सासवडला ५१ गावांतील महारांची सभा भरवून मुंबई सरकारकडे अर्ज केला आणि १९१० मध्ये थेट भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडे निवेदन पाठवले. आपण मोठ्या राजकीय हक्कांची मागणी करत नसून सैन्यात आणि पोलिसांत शिपाई म्हणून, सरकारी नोकरीच्या अगदी खालच्या पायरीवर, जागा मागतो आहोत, असे त्यात म्हटले होते. मागणी इतकी लहान करून मांडण्याची पाळी ज्यांच्यावर आली त्यांच्या मनाची घालमेल आजही जाणवते. नकार मात्र जुनाच राहिला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी झाली आणि युद्धानंतर काही वर्षांतच ती मोडली. कायमची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी, पुन्हा एका युद्धाच्या गरजेपोटी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आग्रहानंतर, स्थापन झाली. अर्ज न्याय्य असला तरी सरकारची स्वतःची निकड तो मंजूर करते, हे या अर्जदारांना पदोपदी अनुभवावे लागले.

अर्ज हे साधन स्वतः कोणत्याही एका बाजूचे नसते, हेही विसरता येत नाही. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध चालवलेल्या मोहिमेतून १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला, ज्याने शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा केले. पण त्या कायद्याविरुद्धही पुण्या-मुंबईत मोठ्या सभा झाल्या आणि सह्या गोळा झाल्या. सह्यांची संख्या मागणीची न्याय्यता ठरवत नाही.

राज्यघटनेने हा व्यवहार हक्काच्या पातळीवर आणला. अनुच्छेद ३५० नुसार कोणत्याही व्यक्तीला केंद्राच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याकडे आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन तेथे वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत करता येते, त्यामुळे मराठीतला अर्ज भाषेच्या कारणाने परत करता येत नाही. लोकसभेत आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळात विनंती अर्ज समित्या आहेत. २००५ च्या माहितीच्या अधिकाराने आणखी मोठी उणीव भरून काढली: आपल्या अर्जावर कोणत्या अधिकाऱ्याने काय टिपणी लिहिली आणि फाईल कुठे थांबली हे लोखंडे किंवा कांबळे यांना कळण्याची सोय नव्हती, आज ते दहा रुपये शुल्काच्या अर्जावर तीस दिवसांत मागता येते. इंटरनेटवरील सह्यांच्या मोहिमांनी सह्या गोळा करणे सोपे केले असले तरी सही करणारा कोणत्या गावचा, कोणत्या प्रभागाचा आणि त्या प्रश्नाशी त्याचा संबंध काय, हे त्यांतून क्वचितच समजते, आणि म्हणून अधिकाऱ्याला त्या बाजूला सारणेही सोपे जाते.

याच्या उलट टोकाला महाराष्ट्रातील गावोगावच्या स्त्रियांनी झगडून मिळवलेली दारूबंदीची तरतूद आहे. २००८ च्या नियमांनुसार गावातील किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली, तर प्रशासन त्या सह्यांची पडताळणी करते आणि दारूचे दुकान बंद करायचे की चालू ठेवायचे यावर मतदान घेते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली दुकान चालू राहण्यासाठी आणि आडवी बाटली बंद होण्यासाठी, म्हणजे अक्षरओळख नसलेल्या बाईलाही शिक्का कुठे मारायचा ते कळते. आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते पडली तर दुकान बंद होते. इथे सही ही विनवणी राहत नाही, ती सरकारी यंत्रणेला कामाला लावते. मात्र निम्म्याची ही अट झालेल्या मतदानावर मोजली जात नाही, यादीतील सगळ्या स्त्रियांवर मोजली जाते. त्यामुळे ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेली, मतदानाच्या दिवशी गावात नसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या बाजूने धरल्यासारखी होते, आणि दारूचा जाच जिच्या घरात सर्वाधिक त्याच मजूर बाईचे मत असे वाया जाते. मतदानाची तारीख ठरवताना हंगाम पाहावा, ही मागणी त्या स्त्रियांच्या पुढच्या अर्जात असायला हवी.