पाणपक्ष्यांच्या आतड्यातील पट्टकृमी

पट्टकृमीला तोंड नसते, अन्ननलिकाही नसते. डोक्यावरच्या चूषकांनी, पुष्कळदा आकड्यांनीही, तो पक्ष्याच्या आतड्याला धरून राहतो आणि पचलेले अन्न अंगानेच शोषतो. मागची पक्व खंडे अंड्यांसह विष्ठेतून बाहेर पडतात. पुढचे बालपण दुसऱ्याच प्राण्यात जाते. पालघरमधील केळवे-माहीमच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात उतरणारे चिखले, तुतवार चिखलातले किडे, गोगलगायी, बारीक कवचधारी टिपतात. पाणपक्ष्यांना पट्टकृमी लागतात ते अशाच भक्ष्यातून.

मिठागरांतल्या आर्टेमिया या बारीक कवचधाऱ्याची गोष्ट तर विलक्षण आहे. रोहित पक्ष्याच्या पट्टकृमीची अळी शरीरात शिरली की हा चिमुकला जीव लालसर होतो, त्याचे प्रजनन थांबते आणि तो उजेडाकडे, पृष्ठभागाजवळ पोहू लागतो. पक्ष्याच्या चोचीत तो अलगद सापडतो. परजीवीचा डाव साधतो!

थोडे कृमी पक्ष्याला सहसा फारसे त्रास देत नाहीत. संख्या वाढली तर आतड्याला इजा होते. महाराष्ट्रात औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात डॉ. जी. बी. शिंदे व त्यांच्या विद्यार्थ्यांनी पक्ष्यांतल्या पट्टकृमींच्या अनेक जातींची वर्णने केली. त्यांतली बरीचशी केवळ शरीररचनेवर आधारलेली आहेत. ती डीएनएच्या कसोटीवर पुन्हा तपासायला हवीत.