सर्वांत मागचा सायकलस्वार

मुलांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांना सायकल चालवता येत असेल. काही जण सायकलवरून शाळेतही येत असतील. पण मुंबईहून गोव्यापर्यंत सायकलने जाता येते, असे कोणी सांगितले तर तुमचा विश्वास बसेल का? हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्याने असे गट जाताना दिसतात. रोज 50 ते 60 किलोमीटर अंतर कापायचे आणि संध्याकाळी एखाद्या गावी मुक्काम करायचा, असा त्यांचा क्रम असतो. गटाबरोबर एक टेम्पोही असतो. या प्रवासातील एक दिवस कसा जातो, ते आपण पाहू. समजा, तुम्हीही त्या गटात आहात आणि आज तुम्हांला रत्नागिरी जिल्ह्यातील हर्णैहून गुहागरला जायचे आहे.

पहाटे साडेपाचलाच उठावे लागते. आपले सामान बांधून टेम्पोत ठेवायचे. दहा किलोची पिशवी सपाट रस्त्यावर फारशी जड वाटत नाही, पण चढावर तीच पिशवी पायांना थकवते. म्हणून सायकलवर फक्त पाण्याची बाटली आणि एक जादा ट्यूब ठेवतात. पाने, टायर, पिण्याचे पाणी आणि औषधांची पेटी टेम्पोत असते. मग प्रत्येक जण आपल्या सायकलची हवा, ब्रेक आणि चेन तपासतो.

निघण्यापूर्वी नायक हजेरी घेतो आणि दिवसाचा रस्ता समजावून सांगतो. नियम थोडेच असतात. सर्वांत पुढे एक अनुभवी सायकलस्वार असतो. त्याच्या पुढे कोणी जायचे नाही. सर्वांत मागेही एक अनुभवी सायकलस्वार असतो. त्याच्या मागे कोणी राहायचे नाही. जेथे रस्त्याला फाटा फुटतो, तेथे गटातील एक जण थांबतो आणि मागचा सायकलस्वार येईपर्यंत जागा सोडत नाही. त्यामुळे कोणी वाट चुकत नाही. काफिला हा शब्द तुम्हांला माहीत आहेच. हाही एक लहानसा काफिलाच असतो.

मुरूड, कर्दे, लाडघर अशी गावे मागे पडू लागतात. कोकणातील रस्ता सपाट नसतो. डोंगराच्या सोंडा थेट समुद्रापर्यंत आलेल्या असतात. गाव खाली, नारळी-पोफळीच्या सावलीत असते. गाव संपले की रस्ता वर चढतो आणि जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यावर येतो. सड्यावर झाडे फार कमी असतात. पुढचे गाव आले की रस्ता पुन्हा खाली उतरतो. दिवसभर असे चढ-उतार चालूच राहतात.

चढावर गिअर उपयोगी पडतो. तो कसा काम करतो? पुढच्या चेनव्हीलला 44 दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला 22 दाते असले, तर पायडल एकदा फिरवल्यावर मागचे चाक दोनदा फिरते. सायकल सुमारे चार मीटर पुढे जाते, पण जोर जास्त लागतो. दोन्हीकडे सारखेच दाते असले, तर चाक एकदाच फिरते. सायकल दोनच मीटर पुढे जाते, पण जोर निम्मा लागतो. म्हणजे गिअरमुळे काम कमी होत नाही. ते हळूहळू करता येते.

आता दहा वाजून गेले आहेत. ऊन तापले आहे. सड्यावरचा चढ चढताना तुम्ही मागे पडता. पुढचे मित्र दिसेनासे होतात. तुमचे डोके दुखू लागते, थोडी चक्कर येते. अशा वेळी मनात येते, 'टेम्पोत बसलो तर सगळे हसतील.' म्हणून काही मुले काहीच बोलत नाहीत. हीच खरी धोक्याची वेळ असते. घामावाटे शरीरातील पाणी आणि मीठ गेलेले असते. त्यातच चढ संपून उतार लागतो. उतारावर दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावे लागतात. फक्त पुढचा ब्रेक जोरात दाबला, तर मागचे चाक उचलले जाते. फक्त मागचा दाबला, तर वळणावरच्या लाल मातीत चाक घसरते. ज्याला चक्कर येत आहे, त्याला हे कसे साधणार?

म्हणूनच सर्वांत मागे अनुभवी माणूस ठेवलेला असतो. तो पुढे निघून जात नाही, घाईही करत नाही. त्याला नुसते सांगायचे, "दादा, मला बरे वाटत नाही." तो तुम्हांला सावलीत बसवतो, मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत देतो आणि टेम्पो बोलावतो. टेम्पोत बसलेला मुलगा बरा झाला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकल चालवतो. पडून हात मोडलेल्या मुलाला मात्र घरी परतावे लागते. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहिले, तर बहुधा ही वेळ येतच नाही.

दुपारी सगळे दाभोळला पोहोचतात. येथे वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते. बहमनी आणि आदिलशाही काळात हे मोठे बंदर होते. अरबस्तान आणि इराणकडील व्यापारी येथे येत. त्या वैभवाची आठवण देणारी आदिलशाही काळातील दगडी मशीद आजही येथे उभी आहे. पलीकडच्या धोपावे गावाला जायला 2003 सालापासून फेरीबोट आहे. सायकली, माणसे आणि टेम्पो, सारे एकाच बोटीत चढतात. चिपळूणकडून रस्त्याने गेले, तर फार मोठा वळसा पडतो. सर्वांत आधी पोहोचलेल्यालाही धक्क्यावर थांबावेच लागते. सकाळपासून विखुरलेला गट येथे पुन्हा एक होतो.

धोपाव्याहून गुहागर फार दूर नाही. संध्याकाळी मुक्कामावर आधी सायकली पुसायच्या, चेनला तेल द्यायचे आणि मगच समुद्रावर जायचे. पण नायक मात्र दारातच उभा असतो. तो येणाऱ्यांना मोजत असतो. सर्वांत मागचा सायकलस्वार फाटकातून आत आला, की नायक वहीत वेळ लिहितो. सर्वांत आधी कोण आले, याची नोंद त्या वहीत नसते.