बहारीनचा पगार : एका दिनारचे सव्वादोनशे, पण हातात उरतात किती?

"बहारीनला चला, तिकडे एक दिनार म्हणजे सव्वादोनशे रुपये," असं सांगत एजंट गावोगाव फिरतात. आकडा खोटा नाही. पण त्या एका आकड्यावर दागिने गहाण टाकून विमानात बसण्याआधी पुढचा हिशोब बघायला पाहिजे.

बहारीन हा आखातातला बेटांचा देश. क्षेत्रफळ ८०० चौरस किलोमीटरच्या आत, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढा. लोकसंख्या साधारण १५ लाख आणि त्यात निम्म्याहून जास्त परदेशी. परदेशी लोकांत भारतीय सर्वात जास्त आहेत.

दिनार एवढा महाग का?

बहारीनने आपलं चलन डॉलरला बांधून ठेवलंय. ०.३७६ दिनार म्हणजे एक डॉलर. हा भाव २००१ पासून तोच आहे. डॉलर ८५ रुपये धरला तर एक दिनार सुमारे २२५ रुपयांना पडतो. डॉलरपुढे रुपया घसरला की घरी येणारे पैसे आपोआप वाढतात. पण तिकडचा पगार त्यामुळे वाढत नाही, हे विसरायचं नाही. शिवाय खासगी नोकरीतल्या परदेशी कामगारांना कायद्याने ठरलेलं किमान वेतन नाही. करारात लिहिलं तेवढंच खरं.

काय कापलं जातं?

पगारावर आयकर नाही. बेकारी विम्यासाठी पगाराच्या १ टक्का रक्कम कापतात. खरेदीवर व्हॅट लागतो. २०१९ मध्ये तो ५ टक्के होता, १ जानेवारी २०२२ पासून १० टक्के झाला. रोजच्या खाण्याच्या बऱ्याच वस्तूंवर तो नाही.

खोली आणि जेवण कोणाकडे, हा खरा प्रश्न. समजा पगार १२० दिनार ठरला, म्हणजे २७ हजार रुपये. राहायला खोली कंपनीची, पण जेवण स्वतःचं. जेवणाला ३५ आणि मोबाईल, साबण, औषधपाणी, पैसे पाठवायचा खर्च मिळून १० दिनार धरा. उरले ७५ दिनार, म्हणजे १७ हजाराला थोडे कमी. खोलीभाडंही स्वतः भरायचं असेल तर फार काही शिल्लक राहत नाही.

कर्ज काढून गेलं तर

एजंटला द्यायला दीड लाख रुपये महिना ३ टक्क्याने काढले, तर पहिल्या महिन्याचं व्याजच साडेचार हजार. वाचलेला सगळा पैसा कर्जात घातला तरी फिटायला दहा-अकरा महिने जातात. दोन वर्षांच्या करारातलं जवळपास एक वर्ष सावकारासाठीच राबायचं.

भारत सरकारच्या नियमाने नोंदणीकृत एजंट ३० हजार रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपयांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. तेवढी रक्कम दोन-तीन महिन्यांत वसूल होते. एजंट नोंदणीकृत आहे का, हे इ-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर मोबाईलवरच बघता येतं.

सुटताना मिळणारी रक्कम

परदेशी कामगाराला तिथे पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी मिळते. पहिली तीन वर्षं दर वर्षाला अर्धा पगार, पुढे दर वर्षाला पूर्ण पगार. १२० दिनारवाल्याचे दोन वर्षांचे १२० दिनार होतात. पूर्वी ही रक्कम मालकाच्या हातात असायची. मार्च २०२४ पासून मालकाला दर महिन्याला तिथल्या सरकारी सामाजिक विमा संस्थेत पैसे भरावे लागतात. पहिली तीन वर्षं पगाराच्या ४.२ टक्के, नंतर ८.४ टक्के. त्या आधीच्या नोकरीची रक्कम मात्र मालकाकडूनच घ्यायची असते. नोकरी सोडून येताना हा हिशोब मागायला विसरू नये.

निघण्याआधी एवढं करा

- दहावी पास नसलेल्यांचा पासपोर्ट बहुतेक वेळा ईसीआर असतो. अशांना बहारीनमध्ये नोकरीला जायला सरकारची मंजुरी लागते. "आधी व्हिजिट व्हिसावर चला, तिकडे बघू," असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा.
- करारात मूळ पगार, खोली, जेवण, ओव्हरटाइम आणि परतीचं तिकीट लिहिलंय का ते वाचून घ्या. ओव्हरटाइमला दिवसा २५ टक्के आणि रात्री ५० टक्के जादा मिळतात. कराराची एक प्रत घरी ठेवा.
- प्रवासी भारतीय विमा काढा. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाखांचं संरक्षण.
- घरी पैसे पाठवायला बँकेत एनआरई खातं उघडा. त्यावरच्या व्याजाला भारतात आयकर नाही. हवालावाल्याच्या नादी लागू नका, पैसे बुडाले तर दाद कुठेच मागता येत नाही.
- पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला किंवा पगार थकवला तर मनामातल्या भारतीय दूतावासात तक्रार करता येते.

जाऊ नये असं कोणी म्हणत नाही. बहारीनच्या पैशावर कित्येक घरं उभी राहिली. फक्त एजंटने सांगितलेला पगार न मोजता, खर्च आणि कर्ज वजा जाऊन घरी येणारा पैसा मोजावा. इथे शेती आणि मजुरीत जेवढे सुटतात त्यापेक्षा तो बराच जास्त भरत असेल, तरच पिशवी भरावी.