कोलेस्टेरॉल नळीत नव्हे, भिंतीत साठते

कोलेस्टेरॉल म्हटले की गाळाने तुंबलेला नळ डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे कण धमनीच्या अस्तरातून भिंतीत शिरतात. पांढऱ्या पेशी ते गिळून फुगतात आणि भिंतीतच चरबीचा थर साठत जातो. वर्षानुवर्षे हे चालते, दुखत मात्र काहीच नाही. एखाद्या दिवशी थरावरचे आवरण फाटते, तिथे रक्ताची गुठळी होते आणि रक्तपुरवठा अडतो. म्हणून सडपातळ माणसानेही रक्ततपासणी टाळू नये. वनस्पती तूप आणि बेकरीची खारी-नानकटाई कमी करावी, तंबाखू सोडावा, रोज चालावे. (शेंगदाणा तेलाच्या पिशवीवरच्या ‘कोलेस्टेरॉल फ्री’ला भुलू नये, त्या तेलात ते मुळात नसतेच.) स्टॅटिनची गोळी चालू असताना रिपोर्ट नॉर्मल आला, तरी ती परस्पर बंद करू नये. रिपोर्ट बहुधा त्या गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो.