सँडीगेटच्या उतारावर

इंग्लंडमधली फुटबॉलची लीग मे महिन्यात संपते आणि ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू होते. मधल्या जुलैत मोठे क्लब विमानाने अमेरिकेला नाहीतर आशियात जातात आणि लहान क्लब शेजारच्या गावातल्या संघाला बोलावतात. या सामन्यांना गुण नसतात, चषक नसतो. तिकडे त्यांना नुसतं ‘फ्रेंडली’ म्हणतात. असाच एक सामना बघायला मी शेफिल्डच्या सँडीगेट मैदानावर गेले होते. धाकटा भाऊ त्या शहरात शिकायला आहे. मँचेस्टर तिथून आगगाडीने तासाभरावर, तेव्हा हा मला ओल्ड ट्रॅफर्ड दाखवणार असं मी धरून चालले होते. तो म्हणाला, “ताई, ते तू टीव्हीवर शंभरदा बघितलंयस. हे बघ.”

सँडीगेट शहराच्या पश्चिम अंगाला, क्रॉसपूल नावाच्या वस्तीत आहे. बस चढण चढत जाते, दोन्ही बाजूंना घरं, आणि मध्येच एक फाटक. फाटकाशी एक आजोबा पैसे घेत बसलेले. आत बसायला एक लहानसा स्टँड, बाकी सगळ्यांनी कठड्याला टेकून उभं राहायचं. आणि मैदानाला चक्क उतार! एक हाफ चढावर खेळायचं, एक उतारावर, म्हणजे कुरकुरीला जागा नाही.

या उताराचं वय ऐकलंत तर त्याला नावं ठेवणार नाही. इथे १८०४ पासून क्रिकेट खेळत होते. १८६० मध्ये त्याच मंडळींनी हॅलम फुटबॉल क्लब काढला आणि त्याच वर्षी २६ डिसेंबरला शेफिल्ड क्लबशी इथे सामना झाला. शेफिल्ड क्लब १८५७ चा, जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब. हॅलमचे वीस गडी, शेफिल्डचे सोळा, तरी शेफिल्डने दोन गोल मारून सामना जिंकला. सँडीगेट हे जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान, अशी गिनीजच्या पुस्तकात नोंद आहे.

मला त्या विक्रमापेक्षा एक गोष्ट मोठी वाटते. तो सामनाही फ्रेंडलीच होता. तेव्हा दुसरं काही नव्हतंच. इंग्लंडचा फुटबॉल संघ, म्हणजे एफए, १८६३ चा. एफए कप १८७१ चा, लीग तर १८८८ ची. त्याआधी एका क्लबने दुसऱ्याला बोलवायचं, आणि किती जणांनी खेळायचं, हात लावला तर काय करायचं, हे आधी बसून ठरवायचं. जो तो आपल्या गावच्या नियमांनी खेळत होता. एकमेकांशी खेळायचं तर काहीतरी समान नियम हवेत, या गरजेतून फुटबॉलचे नियम घडत गेले. शेफिल्डचे नियम वेगळे होते आणि ते १८७७ पर्यंत चालले. कॉर्नर किक तिथूनच आली.

या मैत्रीत भांडणंही होत. १८६२ च्या डिसेंबरात याच दोन क्लबांचा सामना शहरातल्या ब्रामल लेनवर झाला आणि त्यात चांगलीच हाणामारी झाली. सामना मात्र मदतनिधीसाठी होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापूस येईना, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, तिथल्या उपाशी कामगारांसाठी हे पैसे गोळा करत होते. आणि याच कापसाच्या टंचाईने त्या वर्षांत मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे पैशांचा पूर आला होता. शाळेत मुंबईच्या शेअर बाजाराच्या वेडाबद्दल वाचलं होतं. त्याचं दुसरं टोक एका फुटबॉल सामन्याला बांधलेलं असेल असं कधी वाटलं नव्हतं.

तर आमचा सामना. संध्याकाळचे पावणेआठ, पण ऊन चांगलं. तिकडे जुलैत साडेनऊपर्यंत उजेड असतो. प्रेक्षक बेताचे, त्यात दोन कुत्रे. खेळाडू एकमेकांना काय ओरडतात ते शब्द न् शब्द ऐकू येतं, आणि ते सगळंच इथे लिहिण्यासारखं नाही. मध्यंतरात पाय घेतला. पाय म्हणजे आत सारण भरलेली खारी कणीक समजा. त्यावर लोक काळसर हेंडरसन्स रेलिश शिंपडतात. हा सॉस शेफिल्डचाच, १८८५ पासूनचा, आणि त्यात चिंच असते. पहिल्या घासालाच घरची आमटी आठवली!

खेळाडूंच्या यादीत एका जागी नावच नव्हतं. नुसतं ‘ट्रायलिस्ट’. भावाने समजावलं: हा मुलगा अजून क्लबचा नाही, जागा मिळते का ते बघायला आलाय. अशा सामन्यांत ही पद्धत सर्रास असते. तोवर मी सामना सहलीसारखा बघत होते. नंतर मात्र त्या सतरा नंबरवरून माझी नजर हलेना. बाकीचे पाय मोकळे करत होते आणि हा प्रत्येक चेंडूवर जीव टाकत होता. एकदा घसरून आमच्या पुढ्यातल्या कठड्यावर आदळला, उठला, परत धावला. सत्तराव्या मिनिटाला त्याला बाहेर घेतलं. प्रशिक्षकाने पाठीवर थाप मारली, पण त्या थापेतून काही कळत नाही. तो टॉवेल डोक्यावर घेऊन बाकावर बसून राहिला. त्याच्यापुरता तो सामना फ्रेंडली नव्हता.

अशा मुलांनी आशा का धरावी, त्याचं उत्तर तिथून जवळच आहे. प्रीमियर लीग आणि खालच्या तीन पायऱ्या मिळून ९२ क्लब, त्याखालचे सगळे ‘नॉन-लीग’. पण शिडी सलग आहे. जिंकत गेलात तर वर, हरत गेलात तर खाली. जेमी वार्डी शेफिल्डचाच. मोठ्या क्लबने सोळाव्या वर्षी काढून टाकलेला. मग तो शेजारच्या स्टॉक्सब्रिजमध्ये आठवड्याला तीस पौंडांवर खेळत होता आणि कारखान्यात कामही करत होता. २०१६ मध्ये लेस्टरबरोबर तो प्रीमियर लीग विजेता झाला.

आपल्या गोव्याला हे सांगायला नको. १८८३ मध्ये शिवोलीत फादर लायन्स यांनी फुटबॉल आणला तेव्हापासून तो आपल्या अंगात भिनलाय. भातकापणी झाली की शेतात बांबूचे गोलपोस्ट, आणि मेरेवर बसलेला अख्खा वाडा. पाच वेळा देशाचा विजेता ठरलेल्या डेंपोने आणि साळगावकरने २०१६ मध्ये आय-लीग सोडली, कारण नव्या आराखड्यात त्यांना वर जायला शिडीच दिसेना. डेंपो पुढे खालच्या लीगमधून चढत परत आला. पण ज्या शेतांतून हे खेळाडू निघाले, त्यांत आता भराव पडतोय. आणि मैदान गेलं की काय होतं ते शेफिल्डमध्येच बघा. रेआल माद्रिदच्या जोडीने २००४ मध्ये फिफाने गौरवलेला तो जगातला सर्वांत जुना क्लब आज आपल्या शहरात खेळत नाही. २००१ पासून त्याचं मैदान शहराबाहेर, शेजारच्या डार्बीशायरमधल्या ड्रॉनफिल्डला आहे. हॅलमचं नाव त्याच्याइतकं मोठं नाही, पण त्याच्याकडे सँडीगेट आहे.

भाऊ इथे कसा पोहोचला, तेही सांगते. पहिल्या हिवाळ्यात तो फोनवर दोन वाक्यांपलीकडे बोलत नसे. चार वाजता अंधार, खोलीत एकटा, आईला काळजी. एका शनिवारी बसमध्ये क्लबचा मफलर घातलेली एक म्हातारी बाई शेजारी बसली आणि याला फुटबॉल आवडतो कळल्यावर सोबत घेऊन आली. पुढच्या खेपेला कुणीतरी विचारलं, जरा खुर्च्या उचलू लागतोस का? परक्या देशात तुमचं नाव विचारण्याआधी कुणी काम सांगितलं, तर समजा तुम्ही त्यांच्यात आलात. आता त्या फाटकावरच्या आजोबांना तो नावाने हाक मारतो. तुमच्यापैकी कुणी शिकायला तिकडे जाणार असेल, तर जवळचं लहान मैदान पहिल्या महिन्यातच शोधून ठेवा.

सतरा नंबरचं काय झालं, हे मी परत आल्यावर आठवड्याने भावाला विचारलं. त्याला दुसऱ्या एका फ्रेंडलीलाही बोलावलं होतं, यादीत पुन्हा ‘ट्रायलिस्ट’. आणि लीग सुरू झाल्यापासून शनिवारी भावाला फोन लागत नाही. आई आता रविवारी करते.