सहा हजार वर्षं की साडेसहा कोटी?

पेशव्यांनी १७७९च्या तहातली भरपाई म्हणून १७८३ साली नगर हवेलीचा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला. पुढे १७८५ मध्ये पोर्तुगीजांनी दादरा विकत घेतलं. त्याच वर्षी एडिंबरामध्ये जेम्स हटन नावाच्या गृहस्थाने तिथल्या विद्वत्सभेपुढे आपला निबंध मांडला. डोंगर झिजतात, त्यांचा गाळ समुद्रतळाशी साचतो, त्याचाच पुन्हा खडक होऊन वर येतो. आणि या रहाटीला लागणारा काळ माणसाच्या कुठल्याही वंशावळीत मावणारा नाही, असं त्याचं म्हणणं होतं. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता. पण नगर हवेलीतल्या सिल्वासाच्या पायाखालचा काळा कातळ किती जुना, या प्रश्नाचा मागोवा घ्यायचा तर तो याच सालापासून घ्यायला हवा.

त्या वेळी या मुलखात पृथ्वीच्या जन्माचे निदान चार हिशेब नांदत होते. दमणच्या पाद्र्यांकडे बायबलचा हिशेब होता. आयर्लंडचा आर्चबिशप जेम्स अशर याने १६५० मध्ये बायबलमधल्या पिढ्यांची बेरीज करून सृष्टीचा आरंभ ख्रिस्तपूर्व ४००४ मध्ये ठरवला होता, आणि युरोपात पुष्कळांना सृष्टी सुमारे सहा हजार वर्षांची वाटत होती. वारल्यांच्या पाड्यांवर धरतरी ही आई होती. तिच्या वयाची चौकशी कुणी करत नव्हतं. कोकणपट्टीतला हिशेब परशुरामाचा. बाण मारून समुद्र मागे हटवला आणि ही जमीन वर आली, ही कथा सह्याद्रिखंडाने सांगितली. त्या ग्रंथाची छापील आवृत्ती डॉ. जर्सन द कुन्हा यांनी १८७७ मध्ये मुंबईत काढली. चौथा हिशेब पंचांगाचा. त्यात एक कल्प ४३२ कोटी वर्षांचा, आणि त्यातली सुमारे १९७ कोटी उलटून गेलेली.

हा शेवटचा आकडा पाहून आपल्याकडे अनेकांची छाती फुगते. आज पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं मानलं जातं. मग आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊकच होतं, असा निष्कर्ष निघतो. पण पंचांगाने हा आकडा दगड पाहून काढला नव्हता. तो युगांच्या गुणाकारातून आला. शिवाय उलटलेल्या वर्षांचा आकडा जुळतही नाही. मराठी माणसाला कोटींच्या काळाचं भय नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. भय नसणं आणि पुरावा असणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

पुरावा आला तो श्रद्धावंतांकडूनच. ऑक्सफर्डचा धर्मोपदेशक विल्यम बकलंड याने १८२३ मध्ये गुहांमधली हाडं आणि चिखल नोआच्या जलप्रलयाची साक्ष म्हणून सांगितली. १८३६ मध्ये त्यानेच हा दावा मागे घेतला. त्याआधी पाच वर्षं केंब्रिजच्या अ‍ॅडम सेजविक या पाद्र्याने लंडनच्या भूविज्ञान मंडळाच्या अध्यक्षपदावरून प्रलयाची कल्पना जाहीरपणे सोडली होती. दोघांनी धर्म सोडला नाही. थर पाहिल्यावर एकाच पुराची गोष्ट त्यांना पुरेना, म्हणून त्यांनी बायबलचं वाचन बदललं.

दख्खनच्या कातळावरही हेच घडलं. कर्नल साइक्स यांनी १८३३ मध्ये लंडनमध्ये या प्रदेशाच्या भूरचनेवर निबंध वाचला. नगर हवेली, नाशिक, पुणे आणि पार विदर्भापर्यंतचे डोंगर म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक पसरलेले थर. आजही ते सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर उरले आहेत आणि सह्याद्रीत त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. खरा प्रश्न होता तो या थरांच्या मध्ये काय आहे, हा.

मुंबईत वरळीच्या टेकडीवरच्या दगडात चिमुकल्या बेडकांचे अश्मीभूत सांगाडे सापडले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचं वर्णन छापलं. नागपुरात स्टीफन हिस्लॉप हे फ्री चर्चचे मिशनरी १८४५ मध्ये आले होते. १८५१ मध्ये टाकळीजवळ दोन लाव्ह्यांच्या मधल्या थरात त्यांना बिया, फळं, गोड्या पाण्यातले शंख, किड्यांचे अवशेष आणि माशांचे खवले मिळाले. रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांनी १८५५ मध्ये नागपूर परिसराच्या भूरचनेवर निबंध प्रसिद्ध केला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना बोरीजवळ पुराच्या पाण्यात ते बुडाले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं.

बेडूक आणि गोगलगायी लाव्ह्यात राहत नाहीत. लाव्हा थंड व्हायला हवा, त्यावर माती व्हायला हवी, खोलगटात पाणी साचायला हवं, त्यात पिढ्यान् पिढ्या प्राणी जगायला हवेत; मग पुढचा लाव्हा. आणि हे सगळं गोड्या पाण्यातलं होतं. साऱ्या पृथ्वीवर पसरलेल्या एका वर्षाच्या पुरात अशी तळी एकावर एक कशी बसवायची? हिस्लॉप यांच्या चर्चला हा प्रश्न नवा नव्हता. त्या चर्चचे पहिले अध्यक्ष थॉमस चामर्स यांनी बायबलच्या पहिल्या आणि दुसऱ्या वाक्यांमध्ये हवा तेवढा काळ मावतो, असं कितीतरी आधी सांगून ठेवलं होतं. याच चर्चमधला गवंड्याचा लेखक झालेला ह्यू मिलर सृष्टीचा एकेक दिवस म्हणजे एकेक युग मानत होता. एकोणिसाव्या शतकातले अनेक सृष्टिवादी दगडाशी भांडत नव्हते, हे आज विसरलं जातं.

समुद्राचीही एक साक्ष याच काळात निघाली. मुंबईत प्रिन्सेस डॉक खणताना भरतीच्या पातळीखाली मुळांसकट उभी असलेली शेकडो झाडं सापडली, त्यांत खैर पुष्कळ. १८७८ मध्ये त्याची नोंद भूविज्ञान सर्वेक्षण विभागाच्या पत्रिकेत आली. परशुरामाच्या कथेत समुद्र मागे जातो. इथे तो रानावर चढून आला होता. पश्चिम किनाऱ्यावर दोन्हींच्या खुणा आहेत. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, जगभरचा समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. दमणसमोरचा उथळ समुद्रतळ तेव्हा मैलोन् मैल कोरडा असणार. कथेने हे आठवणीत ठेवलं, असा दावा करायला काही आधार नाही. पण हलणारा किनारा पाहणाऱ्या माणसांनी अशी कथा रचावी, यात नवलही नाही.

आपल्याकडच्या विद्वानांनी भूविज्ञान शास्त्रग्रंथांच्या मदतीला बोलावलं ते पुढच्या पिढीत. लोकमान्य टिळकांनी १९०३च्या ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ मध्ये हिमयुग संपल्याचा काळ भूवैज्ञानिकांकडून घेतला आणि त्यावर वैदिक आर्यांचं उत्तर ध्रुवाजवळचं घर उभारलं. निष्कर्ष टिकला नाही. पण पद्धत लक्षात ठेवण्याजोगी आहे: ग्रंथाचा काळ ठरवायला टिळक दगडाचा काळ वापरत होते.

विसाव्या शतकात वारं उलटं फिरलं, आणि तेही अमेरिकेत. १९२३ मध्ये जॉर्ज मॅक्रेडी प्राइस याने, आणि १९६१ मध्ये जॉन व्हिटकम व हेन्री मॉरिस यांनी सगळे गाळथर एकाच जलप्रलयात बसवणारी पुस्तकं लिहिली. सहा हजार वर्षांची पृथ्वी पुन्हा जाहीरपणे मांडली गेली. बकलंड आणि सेजविक यांनी जे शंभर वर्षांपूर्वी सोडलं होतं, ते सनातन श्रद्धा म्हणून परत आलं.

नेमक्या त्याच वेळी आपला समुद्र बोलू लागला. दख्खनचा लाव्हा थिजताना त्यातले लोहकण होकायंत्राच्या सुईसारखे त्या काळच्या चुंबकीय क्षेत्राकडे तोंड करून राहिले. १९५६ मध्ये लंडनच्या क्लेग आणि सहकाऱ्यांनी, १९५९ मध्ये डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी हे मोजमाप प्रसिद्ध केलं. निष्कर्ष असा की लाव्हा वाहत होता तेव्हा हा प्रदेश विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. नोव्हेंबर १९६२ मध्ये ‘ओवेन’ या ब्रिटिश जहाजाने अरबी समुद्राच्या दक्षिणेकडे, कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवर, समुद्रतळाचं चुंबकत्व मोजलं. रांगेलगत उलट-सुलट चुंबकत्वाचे पट्टे असण्याचा अर्थ व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये लावला: समुद्रतळ मधून फाटतो, नवा होतो आणि दोन्हीकडे सरकतो. खंड सरकतात याचा हा महत्त्वाचा पुरावा आपल्याच बाजूच्या पाण्यातून आला. गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली ती १९६६ मध्ये, याच काळातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून.

प्रलयवाद्यांनी जुन्या पृथ्वीच्या या पुराव्यांवर उत्तरं दिली, ती टाळून चालणार नाही. त्यांचा सगळ्यांत जुना मुद्दा मिठाचा. नद्या समुद्रात क्षार नेतात. तर साठलेल्या मिठावरून समुद्राचं वय काढा, ही कल्पना एडमंड हॅली यांनी १७१५ मध्ये सुचवली होती. जॉन जोली यांनी १८९९ मध्ये त्यावरून आठ-नऊ कोटी वर्षं काढली. ऑस्टिन आणि हम्फ्रीज या सृष्टिवाद्यांनी १९९० मध्ये कमाल मर्यादा ६ कोटी २० लाख वर्षं सांगितली. मुद्दा हुशारीचा, पण त्यात खर्चाची बाजू अपुरी. समुद्रातलं मीठ बाहेरही पडतं: आटलेल्या उपसागरांत मिठाचे जाड थर बसतात, लाटांच्या तुषारांतून ते जमिनीवर जातं, समुद्रतळाच्या गरम लाव्ह्याशी पाण्याची देवाणघेवाण होते. ही देवाणघेवाण समुद्रतळाच्या उष्णोदकी झऱ्यांजवळ १९७७ नंतर प्रत्यक्ष पाहिली गेली. आणि मीठ मोजूनही पृथ्वी सहा हजार वर्षांची ठरत नाहीच.

१९९४ मध्ये बॉमगार्डनर आणि सहकाऱ्यांनी खंड सरकल्याचं मान्य केलं. पण सारं सरकणं प्रलयाच्या काही महिन्यांत, माणूस चालतो त्या वेगाने झालं, असं मांडलं. एवढी हालचाल इतक्या थोड्या काळात झाली तर निघणारी उष्णता समुद्र उकळून टाकील. ती कशी निवली याचं समाधानकारक उत्तर त्यांच्याकडे नाही, आणि हे संकट त्यांनी स्वतःही नाकारलेलं नाही.

दरम्यान लाव्ह्याच्या थरांमधल्या तांबड्या मातीने आपला हिशेब दिला. तिच्यात ज्वालामुखी राखेतून आलेले झिरकॉनचे बारीक स्फटिक असतात, आणि त्यांतल्या युरेनियमचं किती शिसं झालं यावरून काळ निघतो. शोन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं की लाव्ह्याचा बहुतांश भाग ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास, साडेसात लाख वर्षांच्या आत ओतला गेला. अंड्यांचीही एक साक्ष आहे. गुजरातेत तेव्हाच्या खेडा जिल्ह्यात भूविज्ञान सर्वेक्षण विभागाचे धनंजय मोहबे यांनी १९८०च्या दशकात डायनोसॉरची अंडी ओळखली. धोली डुंगरीच्या घरट्यातल्या अंड्याला वेटोळं घालून बसलेला साप २०१० मध्ये सनजे या नावाने जाहीर झाला. जग बुडत असताना कुणी घरटं बांधून अंडी घालत नाही.

वाद संपलेले नाहीत. २०१९ मध्ये शोन यांच्या गटाने लाव्ह्याचा मोठा लोंढा डायनोसॉरांच्या विनाशाआधी आला असं म्हटलं, तर त्याच अंकात स्प्रेन यांच्या गटाने बहुतेक लाव्हा नंतरचा ठरवला. भांडण काही हजार-लाख वर्षांचं. साडेसहा कोटींवर दोघांचं एकमत. पुरावा असलेला वाद असाच आकसत जातो. प्रलयाच्या हिशेबात मात्र आकडा आधी ठरलेला असतो आणि दगडाला त्यात बसवावं लागतं.

म्हणून सिल्वासाच्या शाळेतल्या मुलांना खानवेलच्या रस्त्यालगत डोंगर कापलेल्या जागी नेऊन दोन काळ्या थरांमध्ये तांबडा थर दिसतो का ते शोधायला लावावं. घरी धरतरीची पूजा असो, चर्चमधली प्रार्थना असो की पंचांगातला संकल्प, कुणाला काही सोडायला सांगायची गरज नाही. पृथ्वी कुणी आणि कशासाठी घडवली, हे दगड सांगत नाही. कधी आणि कशी घडली, हे मात्र तोच सांगतो, आणि हिस्लॉप यांच्यासारख्या श्रद्धावंतांनी ते ऐकून घेतलं. एवढी शिस्त आजच्या सृष्टिवाद्यांनी पाळली, तर वादाचं निम्मं कारण उरणार नाही.